बंदर बांधताना माशांचाही विचार हवा

गणेश पेठेच्या मासळी बाजारात पापलेटचा भाव ऐकून खिसा चाचपणारे आपण पुणेकर, हा मासा वाढतो कुठे, याचा विचार क्वचितच करतो. सप्टेंबर २०२३मध्ये पापलेटला 'राज्य मासा' हा मान मिळाला. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले सातपाटी पालघर जिल्ह्यात आहे. त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवण बंदर होत आहे.

खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध. किनाऱ्यालगत सुमारे २० मीटर खोली मिळत असल्याने मोठ्या जहाजांसाठी ही जागा सोयीची आहे. देशाला बंदरे हवीत, हे मान्यच. प्रश्न आहे तो ती कशी बांधायची याचा.

ओहोटीला उघडे पडणारे खडक, चिखलाचे पट्टे आणि तिवरे म्हणजे माशांच्या पिल्लांचे पाळणाघर. तेथे अन्न मिळते आणि लपायला जागाही. त्यावर भराव पडला, की हा निवारा कायमचा जातो. गाळ उपसताना पाणी गढूळ होते. बारीक कण पिल्लांच्या कल्ल्यांत अडकतात, तळावरची अंडी गाडली जातात. पापलेटची अंडी तर पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर जातात. बांधामुळे प्रवाहाची दिशा बदलली, तर ती कुठे पोहोचतील? म्हणून नुकसान केवळ हेक्टरांत मोजणे अपुरे आहे.

मग करायचे काय? सर्व ऋतूंत अंडी आणि पिल्लांची गणना स्वतंत्र संस्थेकडून व्हावी आणि तिचे आकडे मराठीतून जाहीर व्हावेत. कोणता मासा कधी, कुठे येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या मच्छीमारांना त्या पाहणीत स्थान हवे. पावसाळ्यात १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, ती माशांना प्रजननासाठी उसंत मिळावी म्हणून. हाच नियम गाळ उपसणाऱ्या यंत्रांनाही लागू व्हावा. गढूळपणा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर काम थांबवण्याचा अधिकार देखरेख करणाऱ्यांकडे असावा. भरपाई ठरवताना बोटमालकांबरोबरच मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांचीही मोजदाद व्हावी.

नुकसानभरपाई माणसांना देता येते. उजाड झालेल्या समुद्राला नाही. राज्य माशाचा मान कागदावर राहू नये, एवढी काळजी बांधकाम सुरू असतानाच घ्यायला हवी.