लघवीची तपासणी : विमा असूनही खर्च खिशातूनच

नवी दिल्ली : लघवीची साधी तपासणी ही वैद्यकशास्त्रातील सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी एक. खासगी प्रयोगशाळेत तिला साधारणतः शंभर ते तीनशे रुपये लागतात; जंतुसंसर्ग शोधणाऱ्या कल्चर तपासणीचा खर्च याच्या काही पट असतो. आरोग्य विमा असल्यास ही रक्कम किती कमी होते, या प्रश्नाचे देशातील बहुसंख्य विमाधारकांसाठी उत्तर एकच आहे : एका रुपयानेही नाही.

आपल्याकडील आरोग्य विम्याची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती झाली आहे, हे याचे कारण. रुग्ण साधारणतः चोवीस तास दाखल असेल, तरच दावा मान्य होतो. दाखल होण्यापूर्वीच्या 30 आणि घरी परतल्यानंतरच्या 60 दिवसांतील तपासण्यांचा खर्च अनेक पॉलिसी देतात. मात्र तो त्याच आजारासाठी झालेला असावा लागतो. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देणाऱ्या आयुष्मान भारत योजनेत ही मुदत अनुक्रमे 3 आणि 15 दिवसांची आहे. बाह्यरुग्ण उपचार या योजनेत समाविष्ट नाहीत. परिणामी तीच तपासणी खाटेवरील रुग्णाला विम्यातून मिळते, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेत गेलेल्या रुग्णाला पदरमोड करावी लागते.

बाह्यरुग्ण खर्चाचे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्याने कराचा भार उतरला, संरक्षणाची व्याप्ती मात्र वाढली नाही. प्रतिबंधात्मक तपासणीसाठी पाच हजार रुपयांपर्यंतची प्राप्तिकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला तिचा उपयोग नाही.

हा प्रश्न शे-दोनशे रुपयांपुरता मर्यादित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. मधुमेहामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा आरंभी कोणतेही लक्षण दाखवत नाही. लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हीच तिची पहिली खूण असते. म्हणून टाइप-2 मधुमेहींनी ही तपासणी दरवर्षी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. ती टळली आणि मूत्रपिंड निकामी झाले, की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते. त्याचा खर्च आयुष्मान भारत योजना उचलते. धोक्याची सूचना देणाऱ्या तपासणीला मात्र तिच्यात जागा नाही.

याला अपवाद आहेत. दरमहा 21 हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना राज्य कामगार विमा योजनेत वेतनाच्या 0.75 टक्के वर्गणीत बाह्यरुग्ण तपासण्याही मिळतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 मध्ये मोफत निदान सेवा सुरू केली. तिच्या यादीत उपकेंद्रांसाठी 14, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी 63 तपासण्या आहेत. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार व तपासण्या निःशुल्क आहेत. तरीही रोजंदारीवरील माणसाला मोफत तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागली, तर ती मोफत राहत नाही.

एकूण आरोग्य खर्चातील नागरिकांच्या खिशाचा वाटा 2014-15 मधील 62.6 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. मात्र उरलेला भार औषधे व तपासण्या यांसारख्या लहान, वारंवार होणाऱ्या खर्चातूनही वाढतो आणि दाखल होण्याची अट असलेला विमा तिथवर पोहोचत नाही. वर्षातून एकदाची लघवी तपासणी विम्यात घेणे किंवा ती कामाच्या वेळेनंतरही घराजवळच्या सरकारी केंद्रात उपलब्ध करणे, हे दोन्ही मार्ग डायलिसिसच्या खर्चापुढे स्वस्तच ठरतील.