दुर्बीण फक्त त्यांचीच का?

तलावावर पाखरं बघायला जाऊ म्हटलं की आपल्याच चळवळीतला एखादा मित्र हसतो. म्हणतो, भरल्या पोटाचे धंदे! आम्हाला हे हसणं मान्य नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले, तेव्हा तिथं जनावरांना पाणी मोकळं होतं, बंदी होती ती आपल्या माणसांना. ज्यांनी पाण्याचा हक्क लढून घेतला, त्यांनी पाण्याकाठचं ज्ञान दुसऱ्याच्या हवाली का करावं?

हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतो, चक्रवाक येतो. शहरातून गाड्या येतात, लांबलचक लेन्स निघतात आणि दुर्मिळ पाहुणा 'सापडतो'. सापडला कुणाला? जाळं टाकणाऱ्या ढिवराला तो आजोबापासून ठाऊक आहे. फोटोखाली त्याचं नाव नसतं. उलट त्यालाच सांगतात, बाजूला हो, पक्षी उडतील.

कायदाही बघा. 2017 च्या पाणथळ नियमांनी भातखाचरं आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. म्हणजे गोंदियात सारस ज्या धानाच्या बांधीत घरटं करतो ती पाणथळ नाही, आणि नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागांना पाणी देणारा सिंचन तलावही नाही. गंमत अशी, की 2020 मध्ये राज्याचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं!

असा तलाव उद्या बुजवायला निघाले तर आपल्या हातात काय असेल? नोंद असेल, तर बोलता येईल. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती सांगितली, तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवहीचं काम दिलं. 2004 च्या केंद्रीय नियमांत त्या समितीवर किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य हवेत असं लिहिलं होतं. तुमच्या गावची समिती कुणाच्या ओसरीवर बसते? नोंदवही तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिली?

मोवाड, जलालखेड्याच्या पोरापोरींनो, या हिवाळ्यात एक वही घ्या. (दुर्बीण आमच्याकडेही एकच आहे, तीही उसनी.) ढिवरांच्या एखाद्या आजीला मानानं सोबत न्या. पाखराचं नाव आधी तिच्या बोलीत लिहा, पुस्तकातलं नंतर. तारीख, जागा, पाण्याची पातळी आणि ती हो म्हणाली तर तिचं नावही लिहा. मग वहीची प्रत ग्रामसभेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.