चढणीचे मासे व शेतकऱ्याचें कर्तव्य

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून ओहोळांस गढूळ पाणी आलें, कीं कोंकणांतील खेड्यांत एकच धांवपळ उडते. नदींतील मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात, ओढ्यांतून भातखाचरांत शिरतात. आणि लहानथोर मंडळी दिवे, कोयते, पाग व बांबूच्या खोइनी घेऊन बांधावर जमतात. चढणीच्या माशांची ही मौज आम्हांस परकी नाहीं. परंतु हे मासे वर कां येतात, याचा विचार क्वचितच होतो.

ते येतात अंडीं घालण्यासाठीं. नव्या, उथळ व संथ पाण्यांत पिल्लांस सूक्ष्म जीवांचें खाद्य विपुल मिळतें. रोहूसारख्या मोठ्या जातीच्या एका मादीच्या पोटांत लाखांवर अंडीं असतात. पेरणीच्या तोंडावर बियाणें दळून खाणाऱ्यास सारा गांव हंसेल. मग ओढ्यावर तेंच करणारास शहाणा कां म्हणावें?

ही तक्रार नवी नाहीं. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ सालच्या आपल्या अहवालांत विणीच्या माशांच्या व पिल्लांच्या संहाराकडे सरकारचें लक्ष वेधिलें होतें. पुढें १८९७ च्या कायद्यानें सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरला.

मात्र बंदीचा काळ सर्वत्र एकच असूं शकत नाहीं. तो त्या त्या पाण्यावरून व माशावरून ठरतो. हिमाचल प्रदेशांत थंड पाण्यांतील ट्राउट मासा गळास कृत्रिम माशी बांधून धरतात. तो हिंवाळ्यांत अंडीं घालतो, म्हणून तेथें नोव्हेंबरापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याची शिकार बंद असते. इतर वेळींही परवाना लागतो. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी मना आहे, कारण अनेक माशांच्या विणीचा काळ हाच आहे. तत्त्व एकच, पंचांग निराळें.

आपल्या पूर्वजांस हें तत्त्व अपरिचित नव्हतें. वैतरणेवरील तिळसे व महाड तालुक्यांतील वाळण कोंड येथील देवस्थानांच्या डोहांत महसीर मासा कोणी धरीत नाहीं. तेथें राखण श्रद्धेची आहे, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

कोणी म्हणेल, “पावसाळ्याच्या आरंभीं गरिबाला तेवढाच आधार, तो कां हिरावतां?” आक्षेप खरा आहे. पण नदीवर पोट भरणाऱ्या भोयाचें व कातकऱ्याचें वर्षभराचें अन्न आपण एका रात्रीच्या मौजेंत संपवितों, हेंही खरें आहे. दुसरा आक्षेप असा, कीं शेतांत शिरलेला मासा पाणी ओसरल्यावर मरणारच. तो मरतो, कारण परतीची वाट आपण बुजवितों.

तेव्हां करावयाचें तें फारसें कठीण नाहीं. पहिल्या पुराचे निदान पंधरा दिवस ओहोळाचें तोंड आडव्या खोइनीनें पूर्ण बंद करूं नये. अर्धा प्रवाह मोकळा ठेवावा. पोट फुगलेली मादी हातीं आली तर सोडून द्यावी. पाऊस उघडतांना खाचराचें पाणी ओढ्याकडे काढून द्यावें, म्हणजे पिल्लें नदीस मिळतील. खाचरांत मासे असतां कीटकनाशक फवारूं नये, व फवारलेलें पाणी ओढ्यांत सोडूं नये. विष व सुरुंग यांस तर गांवानें थाराच देऊं नये.

कायदा नदीच्या कांठीं रात्रीं उभा राहत नाहीं. बांधावर उभा असतो तो शेतकरी. खाचर आपलें, ओहोळाचें तोंडही बहुधा आपल्याच हद्दींत. त्या वाटेची राखण आपण न केली, तर दुसरा कोण करणार? यंदाच्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवानें एकत्र बसून हा नियम स्वतःच ठरवावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.