चातकाचे घर कुणाच्या बांधावर?

मुलांनो, कोकिळेच्या कुळातले सगळेच पक्षी परक्या घरट्यात अंडी घालत नाहीत. भारद्वाज स्वतःचे घरटे बांधून पिल्ले वाढवतो. कोकिळा मात्र कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. ‘पेरते व्हा’ सांगणारा पावशा आणि पावसाच्या तोंडावर येणारा काळा-पांढरा, तुरेवाला चातक, या दोघांची पिल्ले बहुधा सातभाई वाढवतात.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत-जामखेडकडे पाऊस कमी. तिथे बोरी-बाभळींच्या काटेरी झुडपांत सातभाई थव्याने राहतात. झुडपे तुटली की सातभाईंचा आसरा जातो आणि चातकाचाही. म्हणून अब्बा बांध साफ करायला निघाले, तर त्यांना एवढेच सांगा : बोरीचा एक कोपरा राहू द्या.