जाहिरातीत बॉम्ब फुटत नाही!



कट्ट्यावर परवा सीआयडीचा विषय निघाला. २०१८ ला बंद पडलेली मालिका डिसेंबर २०२४ मध्ये परत आली, तेव्हापासून एकच रडगाणं ऐकतोय, "पूर्वीसारखी मजा नाही राव." अहो, पूर्वी तरी दर भागात कुठे होती? बॉम्बला पाच मिनिटं उरलीत, एसीपी साहेब बोटं फिरवतायत, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा झेपावतोय, आणि मग जाहिरात. मी उठून कुकर लावून येतो. परत येऊन बसलो की बॉम्ब आपला माझी वाट बघत तिथेच!

बॉम्ब आहे म्हणून श्वास अडकत नाही. मिनिट गेलं की काहीतरी हातचं जातंय हे दिसलं, तरच अडकतो. २०१३ मध्ये कलर्सवर '२४' आली होती, अनिल कपूरची, दिग्दर्शक आपला अभिनय देव. मूळ अमेरिकन मालिकेतली खुबी त्यांनी उचलली: एक भाग म्हणजे कथेतला एक तास. जाहिरात लागली तरी घड्याळ चालूच, परत येईपर्यंत तेवढी मिनिटं गेलेली. बघणाऱ्याला वाटायचं, अरे, आपण चहा प्यायलो तेवढ्यात काय झालं तिकडे?

आणि सीआयडीनेही एकदा हे करून दाखवलंय, तेही आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर. ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला १११ मिनिटांचा भाग लोणावळ्यात एकाच शॉटमध्ये, एकही कट न मारता चित्रित केला होता. कट नाही म्हणजे वेळ चोरायला जागा नाही. जिना चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच. म्हणजे जमतं यांना, फक्त रोज करायचं नाही.

नाहीतर पोलीस आकुर्डीहून चाकणला निघतात आणि पुढच्याच दृश्यात पोचतात. संध्याकाळी सहाला तळवडे चौकातून काढून दाखवा गाडी! खरा थरार तिथे आहे. देहूरोडने जावं की तळवड्याने, आणि चुकलं तर परत फिरायला जागा नाही. आपल्याकडे सेकंड शिफ्टची बस धरणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो, लेखकांना कळत नाही.

तुम्ही म्हणाल, करमणूक आहे, सोडून द्या. सोडलं असतं. पण गेल्या वर्षी शेजारच्या बिल्डिंगमधले काका, विसरायचा आजार असलेले, सकाळी दूध आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. घरचे संध्याकाळपर्यंत स्वतःच शोधत बसले. का? "चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत ना!" कुठे ऐकलं? टीव्हीवर. असा नियम कायद्यात कुठेही नाही. माणूस हरवला की त्याच क्षणी ठाण्यात जायचं, ११२ लावायचा. लहान मूल असेल तर अपहरण समजून गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. ठाणेदार "उद्या या" म्हणाला तर तोही चुकतोय, हे त्याला तोंडावर सांगा.

ऑनलाइन फसवणुकीचंही तेच. पैसे गेले की लोक आधी लाजतात, मग मेहुण्याला विचारतात, मग दुसऱ्या दिवशी बँकेत जातात. तोवर पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरून कुणीतरी काढलेलाही असतो. १९३० वर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात तो गोठवता येण्याची शक्यता असते. या अर्ध्या तासावर एक भाग लिहा ना! एक निवृत्त कामगार, त्याचा पीएफ, हातातला फोन, आणि "पोरगा काय म्हणेल" म्हणून न लावलेला नंबर. एकही दरवाजा तोडावा लागणार नाही, आणि मी कुकर लावायला उठणार नाही.

काका सापडले. दुसऱ्या दिवशी पहाटे, तळेगाव स्टेशनच्या बाकावर, थंडीने काकडलेले. सकाळीच आकुर्डी स्टेशनावर सांगितलं असतं, रेल्वेच्या १३९ वर कळवलं असतं, तर पुढच्या चार-पाच स्टेशनांवरच तर बघायचं होतं. त्यांच्या मुलाने मला विचारलं, "दादा, खरंच चोवीस तास थांबायचं नसतं?"