स्विफ्टचा पार्ट विस्टाला बसतो का? 1248 सीसी डिझेल इंजिनाचा जुना हिशेब, नवा खर्च

शिरूर असो की मंचर, बाजारच्या दिवशी गॅरेजवर एक संवाद हमखास ऐकू येतो. मिस्त्री म्हणतो, "टर्बो गेलाय." गाडीमालक म्हणतो, "स्विफ्टचा जुना मिळतोय, बसंल का?" मिस्त्री क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "इंजिन तेच आहे, बसायला पाहिजे."

या "बसायला पाहिजे"मध्ये किती जणांचे पैसे बुडालेत, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मिस्त्री खोटं बोलत नसतो. इंजिन खरंच तेच असतं. अडचण पुढे सुरू होते.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का, तर 2010-11 च्या सुमारास घेतलेल्या डिझेल गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी सध्या संपत आहे. महाराष्ट्रात डिझेल गाडी 10 वर्षांनी बंद होते, हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज खरा नाही. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आला. आपल्याकडे खासगी गाडीचं 15 वर्षांनंतर आरटीओत फिटनेस पाहून पुढच्या 5 वर्षांसाठी नूतनीकरण होतं. हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल 2022 पासून 5 हजार रुपये आहे, 20 वर्षांवरील गाडीला ऑगस्ट 2025 पासून ते 10 हजार झालं. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे घरोघरी प्रश्न एकच आहे : हे पैसे भरून, वर इंजिनाचं काम करून, गाडी अजून 5 वर्षं ठेवायची की विकून टाकायची? त्याचं उत्तर बॉनेटखाली आहे.

इंजिन एक, नावं चार

फियाटने हे इंजिन 2003 मध्ये युरोपात आणलं. नाव मल्टीजेट, क्षमता 1248 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. 2005 मध्ये त्याला आपल्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'चा मान मिळाला. भारतात ते घराघरात पोचलं मारुतीमुळे. जानेवारी 2007 मध्ये डिझेल स्विफ्ट आली आणि 'डीडीआयएस' हे नाव गावागावात झालं. मारुतीचं इंजिन हरियाणात मानेसरला बनायचं. फियाट आणि टाटांचं मात्र आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत. 2012 मध्ये मारुतीला स्वतःचं उत्पादन पुरेना, तेव्हा तिनेही रांजणगावहून इंजिनं घेण्याचा करार केला. तिकडे मावळात तळेगावला जनरल मोटर्सने शेवरलेसाठी हेच इंजिन बनवलं. म्हणजे एका पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत ते तयार होत होतं.

मारुतीत डीडीआयएस, टाटाच्या विस्टा, मांझा, झेस्ट, बोल्टमध्ये क्वाड्राजेट, फियाटच्या पुंटो-लिनियात मल्टीजेट, शेवरलेच्या सेल आणि एन्जॉयमध्ये स्मार्टेक. चार नावं, पण ब्लॉक, क्रँक, पिस्टनची मूळ रचना एकच. 'देशाचं राष्ट्रीय इंजिन' असं लोक म्हणायचे ते उगाच नव्हे.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि भारतात या इंजिनाचा खेळ संपला. एवढ्या छोट्या डिझेलवर धूर गाळणारी महागडी यंत्रणा बसवणं कुणालाच परवडणार नव्हतं. मारुतीने तर डिझेलच सोडलं. पण त्याआधी विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती, ग्रामीण भागात आहेत.

लोखंड सारखं, बाकी वेगळं

आता मूळ प्रश्न. काय बसतं?

इंजिनाच्या आतला माल बराचसा एकमेकांना चालतो. टायमिंग चेन, तिचा टेन्शनर, रॉकर, हायड्रॉलिक टॅपेट, मेन बेअरिंग, रिंगा, हेड गॅस्केट या वस्तू एकाच आराखड्यातून आलेल्या आहेत. फियाट किंवा शेवरलेवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, फियाटच्या मोटारीही बंद झाल्या. त्यांचा पार्ट मिळत नाही म्हणून गाडी भंगारात घालण्याआधी पार्टवरचा नंबर घेऊन मारुती किंवा टाटाच्या दुकानात जुळवून पाहायला हरकत नाही. त्यातही वर्ष बघावं लागतं, कारण बीएस-3 आणि बीएस-4 च्या इंजिनात फरक झालेत. जुना पार्ट हातात घेऊन, नव्याशेजारी ठेवून बघणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

फसगत होते ती इंजिनाला बाहेरून लटकलेल्या वस्तूंत.

पहिला टर्बो. हे इंजिन दोन ताकदींत आलं. स्विफ्ट, डिझायर, साधी विस्टा यांत सुमारे 75 पीएस, टॉर्क 190 न्यूटन मीटर. त्यांचा टर्बो साधा, आतली पाती न हलणारी. अर्टिगा, एसएक्स-4, सियाझ, ब्रेझा, मांझा, झेस्ट यांत 90 पीएस आणि 200 न्यूटन मीटर, लिनियात त्याहून थोडं जास्त. या मोठ्या ताकदीच्या टर्बोत वेगानुसार पाती फिरतात आणि त्या फिरवणारा कंट्रोल वेगळा असतो. त्यामुळे स्विफ्टचा स्वस्तातला टर्बो अर्टिगावर घातला तर गाडी नीट चालणार नाही, चेक इंजिनचा दिवा लागेल, आणि मिस्त्री सेन्सर बदलत बसेल.

दुसरा इंजेक्टर, म्हणजे बोलीत नोझल. या इंजिनात डिझेल 1400 ते 1600 बार दाबाने मारलं जातं. गाडीच्या टायरात दोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. एका स्फोटासाठी डिझेल एकदम न सोडता पाच तुकड्यांपर्यंत वाटून सोडलं जातं. इतक्या बारीक कामात प्रत्येक इंजेक्टरचा स्वभाव किंचित वेगळा असतो, म्हणून त्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड स्कॅनरने ईसीयूत टाकावा लागतो. तो न टाकता गाडी चालू होईलही, पण थडथड करेल, धूर मारेल, मायलेज खाईल. मग "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात इंजेक्टरचं काम देऊ नये, हे इथे स्पष्ट म्हटलेलं बरं.

तिसरा ईसीयू. तो गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. जुन्या बाजारातून आणलेला ईसीयू तसाच जोडून गाडी सुरू होत नाही. वायरिंग, इंजिन माउंटिंग आणि गिअरबॉक्स तर प्रत्येक कंपनीचे आपापले.

आणि एक सापळा नावाचा. "विस्टा डिझेल आहे" एवढं सांगून पार्ट मागवू नये. विस्टात क्वाड्राजेटसोबत टाटाचं जुनं 1.4 लिटरचं टीडीआय इंजिनही यायचं. त्याचा या इंजिनाशी काही संबंध नाही. शेवरले बीट डिझेल या घराण्यातलीच, पण तीन सिलिंडरची, 936 सीसी. एस-क्रॉसमध्ये 1.6 चंही इंजिन होतं. 2019 च्या सियाझ-अर्टिगात मारुतीचं स्वतःचं 1.5 लिटर आलं. आरसी बुकावर सीसी छापलेली असते. 1248 दिसलं तरच पुढची बोलणी.

हे इंजिन म्हातारपणाने मरत नाही

दोन-अडीच लाख किलोमीटर पार केलेल्या डिझायर टॅक्सी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तरी त्याच मॉडेलची एखादी गाडी लाखाच्या आत इंजिन खोलायला येते. फरक बहुतेक वेळा ऑइलचा असतो.

या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. ट्रॅक्टरच्या मानाने काहीच नाही. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तरी फरक पडतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा काळं-घट्ट झालं की दाब पडतो आणि चेन ढिली होते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-चार सेकंद खडखड आवाज येतो, मग जातो. बहुतेक जण तो जातो म्हणून सोडून देतात. एक दिवस चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, रॉकर तुटतात, आणि हेड उतरवण्याचं काम निघतं. "याला बेल्ट नाही, चेन आहे, आयुष्यभर बघायला नको" हे शोरूममध्ये ऐकलेलं वाक्य अर्धवट खरं आहे. चेन टिकते, पण वेळेवर आणि योग्य ग्रेडच्या ऑइलवर. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं जाड ऑइल यात ओतणं म्हणजे चेनचं आयुष्य कमी करणं. कंपनी 10 हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. धुळीचा रस्ता आणि रोजचे छोटे फेरे असतील तर त्याआधी बदलावं. डिपस्टिक मात्र पंधरवड्याला एकदा पाहावी, तिला पैसे पडत नाहीत.

दुसरा शत्रू पाणी. शेतात ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल पावसाळ्यात गाडीत जातं. ट्रॅक्टरचा जुना पंप ते सोसायचा. 1400 बारचा पंप आणि नोझल सोसत नाहीत. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायची सोय असते, ती सर्व्हिसिंगच्या वेळी वापरायला सांगावी.

ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचून पिकअप पडतो. ते साफ करता येतं, मोठा खर्च नाही. टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकतं आणि ते ऑइलवर तरंगतं. माळशेज चढून आल्या आल्या चावी फिरवली की ऑइल थांबतं, चाक फिरतच राहतं. अर्धा-एक मिनिट गाडी उभी चालू ठेवली तर टर्बोचं काम पुढे ढकललं जातं.

'हाफ इंजिन' घेण्याआधी

खर्च वाढला की मिस्त्री हाफ इंजिन सुचवतो. अपघातातल्या गाडीचं इंजिन आणायचं आणि बसवायचं. बसतं, काम झटपट होतं, पैसेही वाचतात. पण इंजिन नंबर आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर चढवावा लागतो, आणि त्यासाठी इंजिनाची पक्की पावती लागते. ती नसेल तर आलेलं इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस नंबर पाहतो, तेव्हा ही वाचवलेली रक्कम अंगावर येते. आणि 15 वर्षांच्या नूतनीकरणाला गाडी दाखवायची तर नंबर जुळला नाही की काम तिथेच अडतं.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी कम्प्रेशन तपासून घ्यावं, चेनचा आवाज ऐकावा, ऑइल भरायचं झाकण उघडून चालू इंजिनातून धूर किती येतो ते पाहावं. हे ठीक असेल तर टर्बो, ईजीआर, क्लचवर केलेला खर्च पुढची काही वर्षं वसूल होतो. कम्प्रेशनच गेलं असेल आणि गाडी शेवरले किंवा फियाट असेल, तर शुल्क भरण्याआधी विकायची किंमत विचारून ठेवलेली बरी. मारुतीची गोष्ट वेगळी. तिच्या गाड्या इतक्या आहेत की त्यांचा माल बनवणं कुणीही लवकर बंद करणार नाही, आणि बाकी तिघांचं इंजिनही त्या जिवावर चालतंय.

रांजणगावात डिझेल इंजिन बनणं थांबलेलं नाही. तिथलं 1956 सीसीचं दोन लिटर इंजिन जीप कंपास, टाटा हॅरियर, सफारी आणि एमजी हेक्टरमध्ये गेलं. पुन्हा एक इंजिन, तीन कंपन्या. त्यातल्या पहिल्या गाड्या सेकंड हँड बाजारात दिसू लागल्या आहेत. 2020 नंतरच्यांना धुराचा फिल्टर आहे, जो दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तुंबतो, आणि त्यांचा ईसीयू उघडायला तालुक्याच्या गॅरेजात अजून स्कॅनर आलेला नाही.