फोटोची मालकी तुमची, टीकेचा हक्क आमचा!

वर्तमानपत्रातील बातमीवर टीका करायची तर ती बातमी काय होती हे वाचकाला सांगावे लागते. तसेच फोटोवर टीका करायची तर तो फोटो दाखवावा लागतो. यात चोरी कुठे आली? परंतु आमच्या परवानगीवाचून आमच्या फोटोला हात लावाल तर खबरदार, अशी भाषा आता बातम्यांच्या बाजारात ऐकू येऊ लागली आहे. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबवरील भाष्यकाराने जाहीर आरोप केला की, आपल्या व्हिडिओत एएनआय या वृत्तसंस्थेची काही सेकंदांची दृश्ये वापरली म्हणून तिने कॉपीराइटच्या तक्रारी केल्या आणि परवान्यापोटी लाखो रुपये मागितले. आम्ही कायद्याने मिळालेला हक्कच बजावतो आहोत, असे एएनआयचे म्हणणे. पुढे एएनआयने बदनामीचा दावा लावला आणि दिल्ली उच्च न्यायालयात मंगल यांनी व्हिडिओतील काही भाग काढण्याचे मान्य केले. त्या दोघांचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. आमचा प्रश्न वेगळा आहे. ९० दिवसांत अशा तीन तक्रारी लागल्या तर यूट्यूब संपूर्ण चॅनलच बंद करू शकते. म्हणजे खटला नाही, साक्ष नाही, पुरावा नाही; शिक्षा मात्र आधीच झालेली!

हा पैसेवाल्या यूट्यूबवाल्यांचा वाद आहे, त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. त्यांनी जरा खालापूर तालुक्याकडे पाहावे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ही वाडी झोपेतच गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीला मोटार जाईल असा रस्ता नव्हता, त्यामुळे मातीचे ढिगारे उपसायला यंत्रे नेता आली नाहीत. जवानांना पायी डोंगर चढून हातांनी माती उकरावी लागली. याच रायगड जिल्ह्यात दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये गाडले गेले होते. तरीही इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले.

त्या वेळी छापून आलेले फोटो आठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे भर पावसात पायी डोंगर चढून गेले, त्याचे फोटो सर्वत्र झळकले. ते चढून गेले याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या वाटेने मुख्यमंत्र्यांनी एक दिवस चालणे ही बातमी होते, त्याच वाटेने वाडीतली बाई जन्मभर चढत-उतरत होती, तेव्हा हे कॅमेरे कुठे होते? कर्जत-खालापूर म्हटले की वर्तमानपत्रांना पावसाळी धबधबे दिसतात, शेतघरांच्या जाहिराती दिसतात, द्रुतगती मार्गावरच्या रांगा दिसतात. तिथला ठाकर, कातकरी आणि बौद्धवाड्यांतला माणूस त्यांना कधी दिसतो? तो मेला म्हणजे दिसतो!

आता समजा, खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या एखाद्या तरुणाने मुख्यमंत्र्यांच्या चढाईचा तो फोटो घेतला, त्याखाली नेमका हाच प्रश्न लिहिला आणि नाक्यावर फलक लावला किंवा मोबाइलवरून चार गावांत पाठवला. त्या दिवशी त्या वाटेवर त्याचा स्वतःचा कॅमेरा नव्हता. तो क्षण फक्त बातमीदारांच्या फोटोत आहे. प्रश्न विचारायचा तर त्याच फोटोकडे बोट दाखवावे लागणार. अशा वेळी त्याच्या हातात वकिलाची नोटीस पडली तर तो काय करील? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे मालकाला आपल्या धंद्याच्या ठिकाणीही दावा लावता येतो. म्हणजे फलक लागणार खालापुरात आणि खेटे घालावे लागणार दिल्लीचे! रोजंदारी बुडवून तो दिल्ली गाठणार नाही. तो मुकाट्याने फलक उतरवील. सत्ताधाऱ्यांना आणि मालकांना हेच हवे असते.

म्हणून कायदा नेमका काय म्हणतो हे आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवले पाहिजे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, टीका किंवा समीक्षा करण्यासाठी, तसेच चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा न्याय्य वापर केला तर तो हक्कभंग ठरत नाही. ही कुणाची मेहेरबानी नाही. इंग्रजांच्या काळात, १९१४ साली इथे लागू झालेल्या कायद्यातही टीकेला ही मोकळीक होती. नोटिशीला घाबरणाऱ्यांनी कलम ६० वाचावे. कुणी विनाकारण हक्कभंगाच्या दाव्याची धमकी देत असेल तर धमकी मिळालेला माणूस उलट न्यायालयात जाऊ शकतो आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. आणखी एक गोष्ट. तक्रारीवरून मजकूर उतरवला गेला तरी आपल्या कायद्याप्रमाणे तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो मजकूर पुन्हा खुला करता येतो.

न्याय्य वापर कशाला म्हणायचे? केरळमधले एक प्रकरण आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावे. तोप्पिल भासी यांनी १९५२ साली एक नाटक लिहिले. केरळात कम्युनिस्ट पक्ष वाढवण्यात त्या नाटकाचा मोठा वाटा होता. पुढे १९९५ साली सिव्हिक चंद्रन या लेखकाने त्या नाटकाला उत्तर देणारे नाटक लिहिले. मूळ नाटकातली पात्रे आणि प्रसंग घेऊन त्याने विचारले की, ज्या दलित-भूमिहीनांनी पक्षासाठी रक्त आटवले त्यांच्या पदरात काय पडले? भासी यांचे वारस कॉपीराइटचा हक्क घेऊन न्यायालयात गेले. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने उत्तराचे नाटक रोखले नाही. घेतले किती आणि त्यावर भाष्य किती, घेण्याचा हेतू काय, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या धंद्याशी स्पर्धा होते का, या तीन कसोट्या न्यायालयाने लावल्या. इरशाळवाडीचा फलक याच कसोट्यांवर घासून पाहा. त्या फलकामुळे कोणत्या वर्तमानपत्राचा एक तरी अंक कमी खपणार आहे?

विरोधकाचेच शब्द समोर ठेवून त्याची झडती घेणे, ही तर आमच्या पत्रकारितेची जन्मजात रीत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि सनातनी पत्रांच्या मजकुराचा त्यातून समाचार घेतला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा १९४५ सालचा त्यांचा ग्रंथ काढून पाहा. काँग्रेसचे ठराव आणि गांधीजींचे स्वतःचे लेख पानोपानी समोर ठेवून त्यांनी तो हिशेब केला आहे. उतारा द्यायचा तर आधी आमची परवानगी आणा, असे त्या काळी चालले असते, तर तो ग्रंथ लिहिताच आला नसता. त्या काळी मनुष्याचे म्हणणे छापील शब्दांत होते. आज ते फोटोत आहे. साधन बदलले म्हणून टीकेचा हक्क कसा बदलेल?

आता दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. हा टीकेचा हक्क आहे, फुकटेगिरीचा नाही. पावसात भिजत, चिखल तुडवत फोटो काढणारा छायाचित्रकारही बहुतेक वेळा तुटपुंज्या पगारावर राबणारा श्रमिकच असतो. नोकरीत काढलेल्या त्याच्या फोटोचा हक्क बहुधा मालकाकडे जातो, त्याच्याकडे फक्त नाव उरते. तेही आपण पुसून टाकणार काय? म्हणून फोटो घ्याल तर ज्यावर बोलायचे तोच घ्या, सोबत भाष्य ठळक असू द्या, छायाचित्रकाराचे आणि वर्तमानपत्राचे नाव द्या. दुसऱ्याचा फोटो निव्वळ शोभेसाठी लावणे, किंवा दिनदर्शिकेवर छापून विकणे, याला टीका म्हणत नाहीत.

आणि या सगळ्या मालकीच्या वादात एक माणूस कायद्याला दिसतच नाही. ज्या बाईने मातीच्या ढिगाऱ्यासमोर हंबरडा फोडला, तिच्या चेहऱ्याच्या फोटोवर कॉपीराइट कुणाचा? काढणाऱ्याचा, नाहीतर त्याच्या मालकाचा. तिचा नाही. कायद्याने तिला विचारले नाही, पण चळवळीने तिला विचारले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठी प्रसारमाध्यमे त्यावर कित्येक आठवडे गप्प होती, तेव्हा समाजाने हातोहात फिरवलेल्या फोटोंनी आणि पत्रकांनी ते मौन फोडले. फोटोची ती ताकद आम्ही ओळखून आहोत. म्हणूनच आमचे आग्रहाचे म्हणणे आहे की, प्रश्न चेहरा झाकून विचारता येत असेल तर चेहरा झाका. अत्याचारित स्त्रीची ओळख उघड करणे तर कायद्यानेच गुन्हा आहे. आमच्या मायबहिणींच्या विटंबनेवर टीका करताना ती विटंबना पुन्हा घडता कामा नये.

कर्जत-खालापूरच्या आमच्या वकील बांधवांनी कलम ५२ आणि ६० मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक बुद्धविहारात आणि आदिवासी वाडीत लावावे. कार्यकर्त्याला नोटीस आली तर तिचे उत्तर एकट्याने नव्हे, संघटनेने द्यावे. आणि जी वाडी अजून डोंगराच्या उतारावर उभी आहे, तिचे फोटो दरड कोसळण्याआधी आपल्या पोरांनी काढावेत. तिथली वाट, तडे गेलेली जमीन, घरे, सारे तारखेसह नोंदवून तहसीलदारांच्या टेबलावर ठेवावे. त्या फोटोची मालकी आपली असेल आणि तो दाखवायला कुणाची परवानगी लागणार नाही. इरशाळवाडीचा फोटो जगाने पाहिला तेव्हा फार उशीर झाला होता. पुढच्या वाडीचा फोटो तरी वेळेवर दिसला पाहिजे!